गाडीवरचे संस्कार

मराठींतील ‘छंद’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. संस्कृतांत ‘छन्द’ म्हणजे मनाची ओढ, आणि ‘छन्दस्’ म्हणजे वृत्त. अर्थात् अक्षरांना व मात्रांना घातलेलें मोजमाप. मराठींत हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाच्या घरांत सलोख्यानें नांदतात. ज्या ओढीला मोजमाप आहे तो छंद, आणि मोजमाप सुटलें कीं तेंच व्यसन, असा भेद मी वर्गांत मुलांना पुष्कळ वर्षें सांगत आलों. पेटी वाजविणें, गुलाबाचीं कलमें करणें, जुनीं नाणीं जमविणें, हे छंद आपल्या घरांतून कोणी नाकारीत नाहीं. परंतु घरांतील कर्ता होऊं घातलेला मुलगा जेव्हां एक वेगवान् परदेशी मोटार हा आपला छंद असल्याचें सांगतो, तेव्हां घरांत एकदम दोन तट पडतात. अकोल्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र याच प्रकारचें आहे, आणि त्यांतील प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नसल्यामुळें त्याचें उत्तर येथेंच देणें बरें.

त्यांचा मुलगा सत्तावीस वर्षांचा असून पुण्यास नोकरीवर आहे. २०१६ सालची, दुसऱ्याच्या हातून आलेली ‘आबार्थ पुंटो’ नांवाची मोटार घ्यावी, आणि मग तिच्या इंजिनाची शक्ति आणखी वाढवून घ्यावी, असें त्याच्या मनानें घेतलें आहे. किंमतीपैकीं निम्मे पैसे त्यानें स्वतः सांठविले आहेत. उरलेले तो घरच्या ठेवींतून मागतो. आणि ती ठेव थोरल्या दिरांच्या मुलीच्या उच्च शिक्षणाकरितां ठेविलेली आहे. सासूबाईंचें म्हणणें, नातवाचा एवढा हट्ट पुरवावा. थोरले दीर म्हणतात, तेवढ्याच पैशांत सर्व घराला पुरेल अशी नवी गाडी घ्यावी. ती मुलगी मात्र म्हणते, “दादाला द्या, माझें पुढें पाहूं.” भगिनी शेवटीं लिहितात कीं, आपला जीव पैशापेक्षां वेगाला अधिक भितो, नको म्हटलें तर मुलगा लपून करील, आणि हो म्हटलें तर उद्यां कांहीं बरेंवाईट झाल्यास तो ‘हो’ आपल्याला जन्मभर टोंचील.

प्रथम ही वस्तु काय आहे तें समजून घेऊं; कारण न पाहिलेल्या वस्तूची भीति व न पारखलेल्या वस्तूचा मोह हे दोन्ही सारखेच आंधळे. ‘फियाट’ हें नांव मराठी घरांना परकें नाहीं. इटलींतील तुरिन शहरीं १८९९ सालीं स्थापन झालेल्या कारखान्याच्या चार शब्दांचीं तीं आद्याक्षरें. योगायोगानें लॅटिन भाषेंत त्या शब्दाचा अर्थ ‘होवो’, म्हणजे आपल्या ‘अस्तु’सारखा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स हा कारखाना काढला, आणि त्याच्या मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाटच्या गाड्या तयार होऊं लागल्या. पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें तीच गाडी आपल्या लग्नकार्यांतून, स्टेशनावरून आणि डॉक्टरांच्या दारांतून एक पिढीभर दिसली. २००१ सालीं फियाटनें ‘पालिओ’ ही आंखूड पाठीची गाडी येथें आणली. तिची १.६ लिटर इंजिनाची आवृत्ति त्या काळच्या तरुणांत वेगाकरितां प्रसिद्ध होती, आणि सचिन तेंडुलकर यांच्या नांवानेंही तिची एक मर्यादित आवृत्ति निघाली होती. नंतर हें काम पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवीं गेलें. रांजणगांव म्हटलें कीं आपल्याला अष्टविनायकांतील महागणपति आठवतो. त्याच गांवच्या औद्योगिक वसाहतींत ‘पुंटो’ व ‘लिनिया’ तयार होत असत. म्हणजे नांव इटालियन असलें तरी ही गाडी महाराष्ट्राच्या मातींत जुळविलेली आहे.

‘आबार्थ’ हें एका मनुष्याचें नांव. कार्ल आबार्थ याचा जन्म १९०८ सालच्या नोव्हेंबरांत व्हिएन्ना येथें झाला. १९४९ सालीं त्यानें इटलींत आपला कारखाना काढला. लहान, साध्या गाड्या घेऊन त्यांचें इंजिन, सायलेन्सर व चाकें यांवर काम करावयाचें आणि त्यांना शर्यतीजोगें करावयाचें, हा त्याचा व्यवसाय. त्याची रास पाश्चात्य गणनेनें वृश्चिक, म्हणून विंचू हेंच त्याचें बोधचिन्ह झालें. १९७१ सालीं फियाटनें तो कारखाना विकत घेतला. ऑक्टोबर २०१५ मध्यें ‘आबार्थ पुंटो’ हिंदुस्थानांत विक्रीस आली, तेव्हां तिची किंमत सुमारें १० लाख रुपये होती. साध्या १.२ लिटर पुंटोच्या इंजिनाची शक्ति ६७ अश्वशक्तीच्या आसपास, हिच्या १.४ लिटर टर्बो इंजिनाची १४५. दिसण्यांत बहीण, पण शक्ति दुपटीहून अधिक. चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि जमिनीपासून उंची अवघी १५५ मिलिमीटर. अशी गाडी फार थोड्यांनीं घेतली. पुढें फियाटनें या देशांतील मोटारींची विक्रीच बंद केली, त्यामुळें आतां ती दुर्मिळ झाली आहे. दुसऱ्या एका युरोपीय कंपनीची अशाच जातीची तीन दारांची ‘पोलो जी.टी.आय.’ २०१६ सालीं आली, तेव्हां तिच्या अवघ्या ९९ गाड्या येथें विकावयाचें ठरलें होतें, आणि किंमत सुमारें २६ लाख होती. त्या मानानें आबार्थ मध्यमवर्गाच्या आवांक्यांतली. म्हणूनच तरुण मुलांचा डोळा तिच्यावर असतो. मुलाची आवड निव्वळ पोरकट आहे असें म्हणतां येत नाहीं. वस्तु खरोखरच गुणवान् आहे.

परंतु गुणवान् व दुर्मिळ वस्तूसंबंधानें आपल्याकडील एक जुना जोडशब्द ध्यानांत ठेवावा: योगक्षेम. जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. योगाला एक दिवस लागतो; क्षेमाला वर्षें लागतात. अमरावती-अकोल्याच्या वाटेवर राहणाऱ्यांना याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. मूर्तिजापूरहून अचलपूरला व यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे आपणांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. तिचें वाफेचें इंजिन १९२१ सालीं इंग्लंडांतील मँचेस्टर येथें तयार झालें, १९२३ पासून तें वऱ्हाडांत धांवूं लागलें, आणि १९९४ च्या एप्रिलांत निवृत्त झालें. सत्तर वर्षें! जेथें तें तयार झालें तो कारखाना हजारों कोस दूर, सुटे भाग बाजारांत मिळण्याची सोय नाहीं, आणि वर वऱ्हाडचा उन्हाळा. तरी तें चाललें, तें त्याच्या वेगामुळें नव्हे. रोज त्याची राख काढणारे, तेल घालणारे, झिजलेला भाग वेळीं ओळखणारे हात त्याला मिळाले म्हणून चाललें. दुर्मिळ यंत्र घेणाऱ्यानें पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, कीं असे हात आपल्या गांवीं आहेत काय?

या प्रश्नाचें उत्तर अकोल्यांत अर्धें अनुकूल आहे. फियाटचें १.३ लिटरचें डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येंही बसत असे, त्यामुळें त्या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री वऱ्हाडांत ठायीं ठायीं आहेत. पण आबार्थचें पेट्रोल टर्बो इंजिन निराळें. तें लिनियाच्या कांहीं गाड्यांत होतें, एवढाच आधार. साध्या पुंटोचे दरवाजे, कांचा, आरसे यांसारखे भाग शोधल्यास मिळतात. पण आबार्थचीं खास चाकें, बंपर, बैठकी हे भाग गेले म्हणजे गेले. तेव्हां गाडी पुण्यास राहणार असेल तर एक हिशेब, आणि अकोल्यास येणार असेल तर दुसरा. मुलानें गाडी पाहण्यापूर्वीं मिस्त्री पाहावा, हा माझा पहिला सल्ला. जो मिस्त्री म्हणेल, “हें इंजिन मी उघडलें आहे,” त्याला सोबत नेऊन मगच गाडीच्या दारांत उभें राहावें.

पारख कशी करावी? गाडी सकाळीं, इंजिन थंड असतांना पाहावी, आणि मालकास आधीं सुरू करून ठेवूं नका असें बजावावें. सुरू होतांच सायलेन्सरांतून निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळीत आहे. पांढरी, गोडसर वासाची वाफ थांबेना तर थंड ठेवणारें पाणी भलत्या ठिकाणीं शिरत आहे. दट्टे व झडपा यांचा ताळमेळ राखणारा दांतेरी रबरी पट्टा या इंजिनांत असतो. तो वयानें कुजतो. गाडी कमी चालली म्हणून तो तरुण राहत नाहीं. तो चालत्या गाडींत तुटला तर दट्टे व झडपा एकमेकांवर आदळून इंजिनाचाच निकाल लागतो. म्हणून तो केव्हां बदलला याची पावती मागावी, आणि पावती नसेल तर बदललाच नाहीं असें समजावें. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. ‘२३१६’ असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्याचा. त्याची नक्षी कितीही शाबूत दिसो, त्याचें रबर म्हातारें झालेलें आहे. दुसरा गियर घालतांना खरखर होते काय, खडबडीत रस्त्यावर पुढच्या चाकाखालून ठकठक येते काय, बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग पान्यानें उडालेला आहे काय, हें सर्व पाहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पूर्वीच्या मालकानें इंजिनाची शक्ति वाढविली होती काय, हें नुसतें विचारूं नये, संगणकावर तपासून घ्यावें. एकदां पिळलेला ऊंस पुन्हां चरकांत घालून रस निघत नाहीं.

कागदांचेंही तसेंच. गाडीच्या अंगावरचे चेसिस व इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं जुळले पाहिजेत. बँकेचा बोजा उतरलेला असला पाहिजे, आणि थकलेले दंड भरलेले असले पाहिजेत. मालकी बदलण्याचे नमुने २९ व ३० हे दोघांनीं भरावयाचे असतात. एकाच राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत आर.टी.ओ.स कळवावयाचें असतें. विमा आपल्या नांवावर करून घेण्याची मुदतही १४ दिवसांचीच आहे. नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१६ ची गाडी २०३१ पर्यंत, आणि पुढें तपासणी करून नूतनीकरण. नांव बदलूं या सवडीनें, असें म्हणून महिनोन् महिने दुसऱ्याच्या नांवावर गाडी चालविणें हें सुशिक्षित घरास शोभत नाहीं, आणि अपघात झाल्यास दोन्ही घरांस तें भोंवतें.

आतां मूळ मुद्द्याकडे वळतों, तो गाडीत फेरफार करण्याचा. आपल्या शास्त्रकारांनीं ‘संस्कार’ या शब्दाचे दोन भाग मानिले आहेत: दोषापनयन, म्हणजे असलेला दोष काढणें, आणि गुणाधान, म्हणजे नसलेला गुण घालणें. क्रम याच प्रकारचा आहे, उलट नाहीं. मळलेल्या वस्त्राला रंग देत नाहींत. आधीं तें धुतात. तरुण मुलें मात्र गाडी हातीं येतांच रंगाला धांवतात. इंजिनाचें गणित बदलावयाचें, सायलेन्सर मोठ्या आवाजाचा बसवावयाचा, गाडी आणखी खालीं आणावयाची. आणि ज्या गाडीचें ब्रेकचें तेल चार वर्षांत बदललें नाहीं तिच्यावर हे सर्व अलंकार चढवावयाचे! दहा वर्षांच्या गाडीला पहिलें वर्ष केवळ दोषापनयनाचें असावें. दांतेरी पट्टा व पाण्याचा पंप, इंजिनाचें व गियरचें तेल, ब्रेकचें तेल, पॅड व डिस्क, थंडाईच्या नळ्या, पुढच्या चाकांचे रबरी बुश, आणि चारही टायर. २०२५ पासून आपल्या बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. २०१६ च्या गाडीचे रबरी भाग त्या मिश्रणाकरितां घडविलेले नव्हते, म्हणून इंधनाच्या नळ्याही तपासाव्या. हें सर्व केल्यावर पुष्कळदां असें आढळतें कीं, मुलाला जी ‘वाढलेली शक्ति’ हवी होती ती गाडींत होतीच. धुळीखालीं झांकली होती इतकेंच.

त्यानंतर गुणाधान. यांतही आधीं थांबण्याचा गुण घालावा, मग धांवण्याचा. उत्तम ब्रेक पॅड, उत्तम टायर, आणि रात्रीं नीट दिसेल असे कंपनीच्याच प्रकारचे दिवे, एवढें गुणाधान मला मान्य आहे. कंपनीनें ठरविलेल्या मापांत राहून तें करतां येतें.

इंजिनाची शक्ति वाढविण्याविषयीं मात्र मुलानें आपलें पदार्थविज्ञान पुन्हां एकदां उघडावें. टर्बो म्हणजे काय? इंजिनांतून बाहेर जाणारा तप्त वायु एक चक्र फिरवितो. त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून आंत भरतें. हवा अधिक, म्हणून प्राणवायु अधिक, म्हणून इंधन अधिक जळतें व जोर वाढतो. पण दाबलेली हवा तापते, आणि फार तापलेल्या हवेंत पेट्रोल ठिणगी पडण्यापूर्वींच किंवा भलत्या रीतीनें पेट घेतें. तो ठोका दट्ट्यांना घणासारखा लागतो. हा धोका टाळण्याकरितां कंपनीचे अभियंते हवेच्या दाबावर व ठिणगीच्या वेळेवर राखीव अंतर ठेवतात. ‘शक्ति वाढविणें’ म्हणजे बहुशः तें राखीव अंतर खाऊन टाकणें होय. युरोपांत १५ अंशांच्या हवेंत हें कदाचित् खपेल. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या हवेशीं तुलना केली तर तेवढ्याच जागेंत या तापलेल्या हवेंत प्राणवायु सुमारें एक दशांश कमी असतो, आणि ती थंड करण्याचें कामही अधिक कठीण. परदेशीं थंड हवेंत व उंची पेट्रोलावर बसविलेलें गणित आमच्या उन्हांत तसेंच चालवावें, हें मला पटत नाहीं. राखीव अंतर ही आळशी अभियंत्याची उधळपट्टी नव्हे. ती आमच्या उन्हाळ्याची तरतूद आहे.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणींतील तपशील कारखान्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होतील असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. इंधनाचा प्रकार बदलण्यासारख्या कांहीं गोष्टींस अटींवर मोकळीक आहे. शक्ति वाढविण्याची हौस त्यांत बसत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें केरळांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच ठामपणें सांगितलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें कलम १८२ अ घातलें गेलें, आणि त्याप्रमाणें अशा बेकायदा फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. दंडाहूनही मोठी गोष्ट म्हणजे विमा. न कळविलेला फेरफार उघडकीस आला तर गाडीच्या नुकसानीची भरपाई कंपनी नाकारूं शकते. ज्या गाडीचे भाग बाजारांत मिळत नाहींत, तिची भरपाईही न मिळणें म्हणजे काय, हें घरांतील हिशेबनिसानें मुलास समजावून द्यावें.

आतां भगिनींच्या खऱ्या भीतीकडे. अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ आतां किती सरळ व गुळगुळीत झाला आहे, हें सर्वांस ठाऊक आहेच. जून २०२२ मध्यें याच रस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालून जागतिक विक्रम नोंदविला गेला. समृद्धी महामार्गावर तर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे. रस्ते चांगले झाले हें उत्तमच. परंतु चांगला रस्ता वेगाची भीति घालवितो, वेगाचा नियम घालवीत नाहीं. मुलाला हें एक उदाहरण सोडवावयास द्यावें. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरूं. पुढें कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबण्यास सुमारें ३६ मीटर लागतात. एकूण ५८. आतां वेग १२० करूं. पहिल्या सेकंदांत ३३ मीटर गेले, आणि थांबण्यास ८१ मीटर, कारण अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतें. एकूण ११४. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. पण यापुढचें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. मूर्तिजापूरच्या अलीकडे दुभाजकाच्या फटींतून एखादी बैलगाडी ५८ मीटरांवर आडवी आली, तर ८० च्या वेगाची गाडी तिच्यापाशीं टेकून उभी राहील. १२० च्या वेगाची गाडी त्याच जागीं पोंचेल तेव्हां तिचा वेग किती उरला असेल? सुमारें १००. ब्रेक पूर्ण दाबलेले असतांना शंभर! हें गणित ज्यानें स्वतःच्या हातानें मांडलें, त्याला ‘हळू चालव’ असें आईनें दारांत उभें राहून रोज सांगावें लागत नाहीं.

तेव्हां त्या घरास माझें उत्तर असें आहे. मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडूं नये. याबाबतींत दुसरें मत नाहीं. ती मुलगी ‘दादाला द्या’ म्हणते हा तिचा मोठेपणा, पण वडीलधाऱ्यांनीं मुलांच्या मोठेपणावर व्यवहार करूं नये. ती ठेव तिची आहे. घर तिचें केवळ राखणदार आहे. थोरल्या दिरांचें म्हणणें अर्धें बरोबर. पांच जणांची, जमिनीला टेकत चालणारी ही गाडी सासूबाईंना शेगांवला किंवा कारंज्याला नेण्याची गाडी नव्हे, आणि तसें म्हणून ती घेऊंही नये. ती मुलाची हौस आहे, आणि हौस स्वतःच्या कमाईनेंच करावी. त्यानें आणखी दीड-दोन वर्षें सांठवावें. किंमतीइतकेंच नव्हे, तर किंमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वेगळी रक्कम पहिल्या वर्षाच्या दोषापनयनाकरितां बाजूस ठेवावी. तेवढें जमलें तर घरानें मनापासून ‘हो’ म्हणावें, तोंड वांकडें करून नव्हे. कुरकुरत दिलेली परवानगी मुलाला लपवावयास शिकविते, आणि लपविलेली गोष्टच रस्त्यावर घात करते. इंजिनाची शक्ति मात्र कंपनीनें दिली तेवढीच राहील, ही अट आधीं, त्याच्या तोंडून वदवून घ्यावी. १४५ अश्वशक्ति ज्याला अपुरी वाटते त्याला गाडी नको आहे. त्याला दुसऱ्यांच्या डोळ्यांतील आश्चर्य हवें आहे, आणि तें कोणत्याही गॅरेजांत विकत मिळत नाहीं.

सासूबाईंना त्यानें स्वतः जवळ बसून सांगावें कीं, आजी, हट्ट पुरविण्याचे दिवस संपले, आतां मीच मिळवितों. मला खात्री आहे, तेवढ्या वाक्यानें त्यांना गाडीपेक्षां अधिक आनंद होईल.

आणि भगिनींनो, तुम्हीं एक साधें काम करावें. गाडी घरीं येईल त्या दिवशीं नारळ फोडालच. त्याच दिवशीं एक जाड पुठ्ठ्याची वही गाडीच्या नांवानें घालावी. कोणत्या तारखेस कोणतें तेल, कोणता पट्टा, कोणते टायर, किती किलोमीटरांवर, किती रुपयांस, हें त्यानें स्वतःच्या हातानें लिहावें, आणि ती वही घरांत कोणालाही उघडतां येईल अशा ठिकाणीं असावी. दर दिवाळीस ती थोरल्या काकांनीं वाचावी, आणि चुलतबहिणीनें बेरीज तपासावी. मुलाचा छंद मोजमापांत आहे कीं नाहीं, तें त्या वहीच्या पानांवर कळेल. आणि पुढें कधीं ती गाडी दुसऱ्या कोणा छंदिष्टाच्या हातीं द्यावयाची वेळ आली, तर गाडीहून त्या वहीचीच किंमत त्याला अधिक वाटेल.